न लिहिलेलं वाक्य शोधा!



थर्ड इयर संपत आलं की कॉलेजात दोन जमाती दिसू लागतात. एक प्लेसमेंटच्या ॲप्टिट्यूडच्या मागे लागलेली आणि दुसरी एम.बी.ए.च्या प्रवेश परीक्षेच्या. मी दुसऱ्या जमातीतला. आमच्यात क्वांटची भीती कोणालाच नाही. एम-थ्रीच्या दिव्यातून पार पडलेल्याला शेकडेवारीचं काय भय! पण ‘व्हर्बल’ म्हटलं की चेहरे पडतात. त्यातून माझ्यासारखे दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेले तर आधीच हात वर करतात : “आपलं इंग्लिश कच्चं आहे रे, आपण क्वांटवरच मारू.”

हा लेख खास त्यांच्यासाठी. कारण व्हर्बलमधला ‘क्रिटिकल रीझनिंग’ हा भाग इंग्रजीचा कमी आणि विचारांचा जास्त आहे. आणि विचार मराठीत केला तर परीक्षक काही मार्क कापत नाही!

हे प्रश्न कुठे येतात?

मुख्यतः जीमॅटमध्ये. नोव्हेंबर २०२३ मध्ये जीमॅटचं नवं रूप आलं आणि व्याकरणाचे ‘सेन्टेन्स करेक्शन’चे प्रश्न गेले. आता व्हर्बलमध्ये ४५ मिनिटांत २३ प्रश्न असतात आणि तेही फक्त दोनच प्रकारचे : उताऱ्यावरचे आणि क्रिटिकल रीझनिंगचे. म्हणजे या भागाचं वजन वाढलं आहे. झॅटमध्येही असे प्रश्न येतात. कॅटमध्ये ते थेट फारसे दिसत नाहीत, पण उताऱ्याचा सारांश निवडताना नेमकी हीच नजर लागते.

उताऱ्याची चिरफाड

चार-पाच ओळींचा मजकूर, खाली एक प्रश्न आणि पाच पर्याय. मजकुरात बहुतेक वेळा दोन गोष्टी असतात : पुरावा आणि निष्कर्ष. तिसरी गोष्ट लिहिलेली नसते. ती म्हणजे गृहीतक. सगळा खेळ या तिसऱ्या गोष्टीचा!

फर्स्ट इयरचं मेकॅनिक्स आठवा. भिंतीला टेकवलेली शिडी. प्रश्नाच्या आकृतीत फक्त शिडी आणि तिचं वजन दाखवलेलं असतं. भिंतीची आणि जमिनीची रिॲक्शन आपण फ्री बॉडी डायग्राममध्ये स्वतः काढतो. ती आकृतीत दिसत नाही, पण तिच्याशिवाय शिडी उभीच राहणार नाही. गृहीतक म्हणजे युक्तिवादाची रिॲक्शन. दिसत नाही, पण सगळा भार तिच्यावर.

आता एक प्रश्न सोडवू. (मीच बनवलेला आहे.)

*‘शहरातल्या एका चौकात गेल्या वर्षी सिग्नल बसवला. त्यानंतरच्या सहा महिन्यांत तिथले अपघात निम्म्यावर आले. म्हणजे अपघात सिग्नलमुळेच कमी झाले.’* हा युक्तिवाद सर्वांत जास्त कशाने कमकुवत होतो?

(अ) सिग्नल बसवायला बराच खर्च येतो.
(ब) बरेच वाहनचालक सिग्नल तोडतात.
(क) सिग्नल बसला त्याच महिन्यात अवजड वाहनांसाठी बायपास सुरू झाला.
(ड) त्या सहा महिन्यांत चौकातून जाणाऱ्या वाहनांची संख्या वाढली.
(इ) अपघातांत जखमी होणाऱ्यांमध्ये दुचाकीस्वार जास्त असतात.

पर्यायांकडे बघण्याआधी स्वतःला विचारा : बोलणाऱ्याने काय न सांगता धरून चाललं आहे? हेच, की सिग्नलखेरीज दुसरं काही बदललं नाही. हे एकदा पकडलं की (क) आपोआप डोळ्यांत भरतो.

पण खरी शिकवण चुकीच्या पर्यायांत आहे. (अ) आणि (इ) विषयाला धरून वाटतात, पण ‘सिग्नलमुळेच’ या दाव्याला स्पर्शही करत नाहीत. (ब) फसवा आहे. लोक सिग्नल तोडत असतील, तरीही अपघात निम्म्यावर आले हे मजकुरानेच सांगितलं आहे. आणि (ड)? तो तर उलटा! वाहनं वाढूनही अपघात घटले, म्हणजे युक्तिवाद थोडा मजबूतच झाला. घाईत ‘कमकुवत’ आणि ‘मजबूत’ यांची अदलाबदल करणारे याच खड्ड्यात पडतात.

उलटं करून बघा

प्रश्न ‘गृहीतक कोणतं?’ असा असेल तर एक हुकमी युक्ती आहे. पर्यायाचा नकार करा. नकार केल्यावर युक्तिवाद कोसळला, तर तेच गृहीतक.

क्लासचं होर्डिंग घ्या : ‘आमच्या ५० विद्यार्थ्यांना ९९ पर्सेंटाइल! तुम्हीही या, तुमचेही मार्क वाढतील.’ इथे धरून काय चाललं आहे? की त्या मुलांच्या मार्कांत क्लासचा काही वाटा आहे. आता नकार करा : ‘या मुलांना क्लास न लावताही तेवढेच मार्क पडले असते.’ झालं, होर्डिंग आडवं! शिवाय एकूण किती विद्यार्थी होते, ५१ की ५,०००, हेही होर्डिंग सांगत नाही. फी भरण्याआधी एवढं विचारलं, तरी या अभ्यासाचे पैसे वसूल.

आकडा खरा, निष्कर्ष?

‘आकडे खोटं बोलत नाहीत’ यावर आपण इंजिनिअर मंडळी फार विश्वास ठेवतो. म्हणून एक प्रवेशाचंच खरं उदाहरण. १९७३ साली अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठात पदव्युत्तर प्रवेशासाठी अर्ज करणाऱ्या पुरुषांपैकी सुमारे ४४ टक्क्यांना प्रवेश मिळाला, तर स्त्रियांपैकी सुमारे ३५ टक्क्यांना. निष्कर्ष उघड वाटतो : स्त्रियांना डावललं. पण बिकेल, हॅमेल आणि ओकॉनेल यांनी १९७५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात विभागवार आकडे तपासून दाखवलं, की विभागांच्या पातळीवर असा सरसकट पक्षपात दिसत नाही. स्त्रियांचे अर्ज जास्त करून अशा विभागांकडे गेले होते, जिथे प्रवेश मिळणं सर्वांनाच कठीण होतं. न लिहिलेलं वाक्य होतं : ‘दोघांनी सारख्याच विभागांत अर्ज केले.’ ते वाक्य खोटं निघालं आणि निष्कर्ष डळमळला. अर्थात, स्त्रिया त्या विभागांकडेच का वळल्या, हा प्रश्न मात्र या आकड्यांनी सुटत नाही. तोही विचारायला हवाच.

सराव कसा करायचा?

आमचा चौघांचा एक ग्रुप आहे. रात्री मेस झाल्यावर तासभर बसतो. आमची पद्धत अशी :

१. आधी प्रश्न वाचायचा, मग मजकूर. कमकुवत करायचंय की मजबूत, हे माहीत असलं की वाचन नेमकं होतं.

२. पर्याय हाताने झाकायचे. निष्कर्ष आणि गृहीतक एकेका ओळीत वहीत लिहायचं. मराठीत लिहा, बिनधास्त.

३. उत्तर बरोबर आलं तरी उरलेले चारही पर्याय का चूक, हे तोंडी सांगायचं. समोरच्याला पटलं नाही तर परत. यात भांडणं होतात, पण अभ्यासही यातच होतो.

४. ‘काही’, ‘बहुतेक’, ‘फक्त’, ‘सर्व’ या शब्दांखाली रेघ. मजकुरात ‘काही’ आणि पर्यायात ‘सर्व’ असेल तर सावधान!

५. सुरुवातीला घड्याळ बाजूला. दिवसाला दहाच प्रश्न, पण पिळून काढलेले. पद्धत अंगवळणी पडली की प्रश्नाला दोन मिनिटं लावायची.

६. प्रश्न शक्यतो अधिकृत पुस्तकातले घ्या. ऐऱ्यागैऱ्या झेरॉक्स सेटमध्ये कधीकधी उत्तरच वादग्रस्त असतं आणि मग आपली नजर बिघडते.

शब्दांचं काय? लागतात, पण थोडेच. ‘देअरफोर’, ‘हाउएव्हर’, ‘अनलेस’, ‘डिस्पाइट’ असे जोडशब्द पक्के करा. युक्तिवाद कुठे वळतो ते हेच शब्द सांगतात. हजार शब्दांची यादी पाठ करण्यापेक्षा हे वीस-पंचवीस शब्द जास्त कामाला येतील.

आणि हो, सरावाला पुस्तकच लागतं असं नाही. पेपरातला अग्रलेख, निवडणुकीतलं भाषण, व्हॉट्सॲपवर फिरणारा मेसेज, ‘अमुक ब्रँच घेतली की नोकरी पक्की’ म्हणणारे काका... सगळीकडे एक वाक्य न लिहिलेलं असतं. ते शोधायची सवय लागली तर परीक्षेचा स्कोअर वाढेलच. पण ब्रँच, नोकरी, कर्ज काढून घेतलेली डिग्री, असे आयुष्यातले मोठे निर्णय दुसऱ्याच्या गृहीतकावर घेतले जाणार नाहीत, हा फायदा स्कोअरपेक्षा मोठा.

तेव्हा इंग्लिश कच्चं आहे म्हणून व्हर्बल सोडू नका. ‘इंग्लिश कच्चं, म्हणून व्हर्बल जमणार नाही’ हाही एक युक्तिवादच आहे. त्यातलं गृहीतक शोधा बघू!

ऑल द बेस्ट!