बोल्टाचें माप

उद्योगशाळेंत येणारा नवा विद्यार्थी बहुधा ‘तेराचा बोल्ट’ मागतो. गॅरेजमध्यें हाच शब्द रूढ आहे. परंतु तेरा हा अंक बोल्टाचा नसून पान्याचा होय. ज्या षट्कोनी डोक्यास तेरा मिलिमीटरचा पाना लागतो, तो बोल्ट बहुतेक वेळां ‘एम् ८’ असतो. ‘एम्’ हें मेट्रिक आट्यांचें चिन्ह, आणि ८ हा आट्यांवरून मोजलेला बाहेरचा व्यास, मिलिमीटरांत.

पुरतें नांव ‘एम् ८ × १.२५ × ३०’ असें लिहितात. शेवटचा अंक लांबीचा. ती डोक्याखालून टोंकापर्यंत मोजावयाची. (ज्याचें डोकें पृष्ठभागांत बुडून बसतें, त्याची मात्र डोक्यासकट.) मधला अंक पिचचा, म्हणजे एका आट्याच्या माथ्यापासून शेजारच्या माथ्यापर्यंतच्या अंतराचा. नट एक फेरा फिरविला कीं तो इतकाच पुढें सरकतो. नेहमींचा जाड आटा असल्यास हा अंक पुष्कळदां लिहीतच नाहींत, व घोटाळा तेथूनच उद्भवतो. कारण एम् ८ मध्येंच १ मिलिमीटर पिचचा बारीक आटाही मिळतो.

याहून फसवा प्रकार इंची बोल्टाचा. जोसेफ व्हिटवर्थ यांनीं १८४१ सालीं इंग्लंडांत सुचविलेल्या पद्धतीचा ५/१६ इंची, म्हणजे आपल्या मिस्त्र्यांचा अडीच सुती, बोल्ट ७.९४ मिलिमीटर जाड भरतो. डोळ्यांस तो एम् ८ हून निराळा दिसत नाहीं. परंतु त्यास इंचाला १८ आटे, म्हणून पिच १.४१, शिवाय आट्याचा कोन ५५ अंश, तर मेट्रिकचा ६०. एकाचा नट दुसऱ्यावर एखाद-दुसरा फेरा चढतो आणि अडतो. तेथें तेल घालून पाना रेटणें हा शुद्ध आडदांडपणा होय. आटे जातात, आणि क्वचित् नट घट्ट बसल्याचा भास होऊन भार येतांच तो सुटतो. शिडीच्या किंवा झोंपाळ्याच्या ठिकाणीं यापासून हातपाय मोडण्याची पाळी येते.

भारतांत मेट्रिक मापांचा कायदा १९५६ सालीं झाला, तरी जुन्या यंत्रांतून इंची बोल्ट अद्याप निघतात. पिच-गेज हाताशीं नसल्यास पट्टी लावून दहा अंतरें मोजावीं. आटे नव्हेत, अंतरें, म्हणजे अकरा माथे. साडेबारा मिलिमीटर भरल्यास तो एम् ८. चौदाच्या किंचित् वर गेल्यास अडीच सुती.

डोक्यावर ‘८.८’ असें कोरलेलें असतें, तेंही माप नव्हे. पहिला आठ म्हणजे दर चौरस मिलिमीटरास ८०० न्यूटन ताण सोसण्याची शक्ति. त्या ताणाच्या आठ-दशांशावर बोल्ट कायमचा लांबूं लागतो. असा बोल्ट काढून त्या जागीं बिनअंकी बोल्ट घालूं नये, मग तो कितीही नेमका बसो.