उशाशी बसणाऱ्यांची चारित्र्य पडताळणी

सोसायटीच्या फाटकावरच्या रखवालदाराची चौकशी करणे कायद्याने बंधनकारक आहे. खासगी सुरक्षा संस्थांसाठीच्या २००५ च्या केंद्रीय कायद्यानुसार चारित्र्याची आणि पूर्वेतिहासाची खातरजमा झाल्याशिवाय त्याला नेमता येत नाही. त्याच इमारतीत अंथरुणाला खिळलेल्या आजींना अंघोळ घालणाऱ्या, गोळ्या देणाऱ्या आणि रात्रभर त्यांच्या उशाशी एकट्या असणाऱ्या मावशींसाठी मात्र असा स्वतंत्र केंद्रीय कायदा नाही.

जीएनएम किंवा एएनएम झालेल्या परिचारिकेची नोंद महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे असते. नोंदणी क्रमांकावरून तिचे शिक्षण खरे की खोटे हे कळते. ब्युरोमार्फत बारा किंवा चोवीस तासांच्या ड्युटीवर येणाऱ्या मावशींची अशी नोंद नसते. बहुतेक वेळा आधार कार्डाची झेरॉक्स पुढे येते आणि घरचे निश्चिंत होतात. त्या कागदावरून नाव-पत्ता कळतो, पूर्वेतिहास कळत नाही.

तो पोलिसांच्या दप्तरात असतो. काम करणाऱ्या व्यक्तीला चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्रासाठी स्वतः अर्ज करता येतो, किंवा कामावर ठेवणाऱ्याने तिचा फोटो, सध्याचा पत्ता, मूळ गाव असा तपशील पोलिस ठाण्यात द्यायचा असतो. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखालील नियमांत तर ज्येष्ठांनी विनंती केल्यास त्यांच्याकडे काम करणाऱ्यांची पडताळणी पोलिसांनी तत्परतेने करावी, असे म्हटले आहे. ही तरतूद फारशी कोणी वापरत नाही. २००९ मध्ये मंजूर झालेल्या सीसीटीएनएस प्रकल्पामुळे देशभरातल्या ठाण्यांच्या नोंदी संगणकाने जोडल्या गेल्या. तरीही माहेरच्या नावाने असलेली नोंद सासरच्या नावाने शोधली, तर ती निसटू शकते. म्हणून अर्जात दोन्ही नावे आणि जुने पत्ते द्यावेत.

प्रमाणपत्राची मर्यादा याहून मोठी आहे. जे ठाण्यापर्यंत पोचलेच नाही, ते त्यात येत नाही. आजोबांच्या दंडावर वळ दिसले, बांगडी नाहीशी झाली, की घरचे मावशी बदलून मागतात आणि विषय तिथेच मिटतो. अमेरिकेत चार्ल्स कलन या परिचारकाने अशाच मौनाचा फायदा घेतला. न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनिया राज्यांत सोळा वर्षे तो एका रुग्णालयातून दुसऱ्यात जात राहिला. अनेक ठिकाणी संशय आला, पण पुढच्या रुग्णालयाला कोणी सावध केले नाही. डिसेंबर २००३ मध्ये त्याला अटक झाली आणि पुढे त्याने २९ खुनांची कबुली दिली. त्यानंतर न्यू जर्सीने कायदा करून रुग्णालयांना अशी माहिती कळवणे भाग पाडले. इंग्लंडमध्ये २०१२ पासून डीबीएस ही सरकारी संस्था पोलिसांच्या नोंदींबरोबरच बंदी घातलेल्यांची यादीही ठेवते. इजा केल्यामुळे कामावरून काढलेल्या माणसाचे नाव तिला कळवणे शुश्रूषा संस्थेवर बंधनकारक असते. शिक्षा झालेली नसली, तरी त्याचे नाव यादीत जाऊ शकते.

आपल्याकडे अशी यादी नाही. त्यामुळे ब्युरोच्या शब्दावर न थांबता आधीच्या दोन घरी स्वतः फोन करावा. मावशींनी काम का सोडले, हा प्रश्न आडवळणाने न विचारता सरळ विचारावा. आणि आपल्याला असा फोन आला, तर खरे काय ते सांगावे.