रेडिओवर निक्सन, टीव्हीवर केनेडी?

२६ सप्टेंबर १९६० रोजी शिकागोत जॉन केनेडी आणि रिचर्ड निक्सन यांच्यात अध्यक्षपदाच्या उमेदवारांची पहिली दूरचित्रवाणी चर्चा झाली. तेव्हापासून एक कथा सांगितली जाते: रेडिओवर ऐकणाऱ्यांना निक्सन जिंकल्यासारखे वाटले, टीव्हीवर पाहणाऱ्यांना केनेडी. म्हणजे चेहऱ्याने मुद्द्यांवर मात केली.

कथेतला काही भाग खराच आहे. निक्सन गुडघ्याच्या संसर्गामुळे नुकतेच रुग्णालयात राहून आले होते, वजन घटले होते, चेहरा ओढलेला दिसत होता. पण रेडिओच्या श्रोत्यांबद्दलचा दावा मुख्यतः सिंडलिंगर या संस्थेच्या एका पाहणीवर उभा आहे आणि तिच्यात रेडिओ ऐकणारे जेमतेम काहीशे होते. शिवाय हे श्रोते होते कोण? तोवर दहातल्या जवळपास नऊ अमेरिकी घरांत टीव्ही पोचला होता. उरलेल्यांत ग्रामीण प्रॉटेस्टंट कुटुंबे जास्त असणार, आणि केनेडी होते कॅथलिक. या श्रोत्यांचा कल चर्चेआधीच निक्सनकडे असण्याची शक्यता मोठी. १९८७ मध्ये व्हॅन्सिल आणि पेंडेल या अभ्यासकांनी हेच दाखवून दिले, तरी पत्रकारांकडून ती कथा काही सुटली नाही. इतकी सुबक कथा कोण सोडेल म्हणा!

निवडणुकीचा निकाल तर अगदी अटीतटीचा लागला. सुमारे पावणेसात कोटी मतांत फरक साधारण एक लाखाचा. एवढ्या थोड्या फरकाचे श्रेय धर्म, बेकारी, शिकागोतली पक्षयंत्रणा किंवा उपाध्यक्षपदासाठी निवडलेले टेक्सासचे लिंडन जॉन्सन, यांपैकी कशालाही देता येते.