बाटलीतले अन्न आणि घरातला रोगी

पोलादाच्या कारखान्याबरोबर वाढलेल्या भिलाईत खुर्सीपारसारख्या वस्त्यांतून अनेक प्रांतांची माणसे शेजारी शेजारी राहतात. भाषा निरनिराळ्या, परंतु असाध्य रोगाने अंथरुणाला खिळलेल्या वडिलांनी अन्नाकडे पाठ फिरविली की घरोघरी एकच विनवणी ऐकू येते : ‘‘डॉक्टर, निदान सलाईन तरी लावा!’’

या बाटलीत असते तरी काय? पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साखर अवघी २५ ग्रॅम, म्हणजे सुमारे पाच चहाचे चमचे. एका ज्वारीच्या भाकरीइतकाही उष्मांक त्यात नाही. ते पाणी आहे, अन्न नव्हे.

शिरेतून खरेखुरे पोषण देण्याची विद्या निराळी. अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे डॉ. स्टॅन्ली डड्रिक व त्यांचे सहकारी यांनी १९६० नंतरच्या दशकात ती सिद्ध केली. दाट ग्लुकोज, अमिनो आम्ले, स्निग्ध पदार्थ आणि जीवनसत्त्वे यांचे मिश्रण हृदयानजीकच्या मोठ्या शिरेत सोडावयाचे. १९७० च्या सुमारास तिकडील काही रोगी हे घरीच घेऊ लागले. ज्यांचे आतडे निकामी झाले आहे, पण ज्यांच्यापुढे बरेच आयुष्य आहे, त्यांना ते वरदानच ठरले. मात्र नळी हाताळताना थोडी हयगय झाली तरी जंतू थेट रक्तात शिरतात. दहा-बारा तास ठिबकणारी पिशवी, शीतकपाट, वारंवार रक्ततपासणी, आणि खर्च! सामान्य कुटुंबाची यात ओढाताण होते.

अखेरच्या आठवड्यांत तर हिशेबच बदलतो. भूक मंदावते, ती उपासमारीमुळे नव्हे. देह अन्न पचविण्याचे काम आवरते घेत असतो. दिलेले पाणी मग पायांवरील सुजेत आणि छातीतील घरघरीत साठते. २०१३ साली अमेरिकेतील १२९ कर्करुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. रोज एक लिटर सलाईन आणि नाममात्र शंभर मिलिलिटर, या दोहोंत ना त्रासात फरक पडला, ना आयुर्मानात.

‘आम्ही उपाशी ठेवले’ ही टोचणी खरी असते. तिची थट्टा करू नये. मुंबईतील वांद्र्याला १९८६ पासून चालणाऱ्या शांती अवेदना सदनासारख्या संस्था अशा रोग्यांची शुश्रूषा करतात. घरीही करण्यासारखे पुष्कळ आहे : ओठांना तूप लावावे, ओल्या कापसाने तोंड पुसावे, मागितल्यास बसते करून चमचाभर पेज द्यावी. आणि डॉक्टरांना स्पष्ट विचारावे, ‘‘या बाटलीने वडिलांचा कोणता त्रास कमी होणार आहे?’’