तारेची दोन टोके

पुण्याची महात्मा फुले मंडई आपण पाहिली असेलच. १८८६ साली उघडलेल्या या इमारतीच्या मधोमध अष्टकोनी मनोरा आहे आणि तिच्या भुजा त्याच्यापासून चहूकडे पसरल्या आहेत. एका भुजेतून दुसरीत जायचे तर मध्यावरून जावे, हा सरळ हिशेब. नेटवर्क स्विच नावाची जी पेटी आज दुकानांतून दिसते, तिची मांडणी अशीच असते. संगणक, प्रिंटर, कॅमेरा, प्रत्येकाची एकेक केबल या पेटीत येते.

पेटीचे काम पोस्टमनसारखे. कोणत्या पोर्टावर कोण आहे हे ती आपले आपण शिकते आणि ज्याचा निरोप त्याला पोचवते. मात्र पत्ता ठाऊक नसला, किंवा निरोपच सर्वांसाठी असला, की ती दवंडी पिटते. म्हणजे निरोप ज्या पोर्टातून आला ते सोडून बाकी सगळ्यांतून तो पाठवते.

या दवंडीने एकदा काय केले ते सांगतो. मंडईलगत माझ्या परिचयाचे पूजासाहित्याचे दुकान आहे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी झेंडूच्या ढिगांतून वाट काढीत तेथे पोचलो, तो बिले बंद आणि गिऱ्हाईक खोळंबलेले. मालक म्हणाले, "सर, पेटी जळाली वाटतं. सगळे दिवे कसे लुकलुकताहेत बघा!"

अहो, पेटी जळाली असती तर दिवे लागलेच नसते. वाकून पाहिले. पेटीत एक जादा केबल खोचलेली होती. तिचे दुसरे टोक मोकळे लोंबत असे. झाडताना मुलाला वाटले, हे निसटले. त्याने ते रिकाम्या पोर्टात बसवून दिले. झाले! दवंडी एका पोर्टातून बाहेर पडे, दुसऱ्यातून आत येई, आणि पेटी ती नवी समजून पुन्हा पिटे. खऱ्या निरोपांना वाटच उरली नाही. केबल उपसली आणि थोड्याच वेळात बिले सुरू झाली.

असे वेटोळे ओळखून एक वाट आपोआप मिटवण्याची युक्ती रेडिया पर्लमन या अमेरिकन विदुषीने १९८५ साली काढली. मोठ्या स्विचांत ती असते. स्वस्त पेटीत बहुधा नसते.

म्हणून केबल जोडण्यापूर्वी तिच्या दोन्ही टोकांना एकच क्रमांक चिकटवावा, आणि कोणता क्रमांक कुठे जातो ते कागदावर लिहून पेटीजवळ लावावे. एक टोक मोकळे राहणार असेल तर दुसरेही काढून ठेवावे.

आणखी दोन गोष्टी. तांब्याच्या केबलची मजल १०० मीटर. त्यापुढे भरवसा नाही. तिच्या आत आठ तारा चार जोड्यांनी पिळलेल्या असतात. हा पीळ बाहेरचा आणि शेजारच्या जोडीचा विद्युत्-गोंगाट मारतो. तेव्हा टोकाला कनेक्टर बसवताना पीळ फार तर १३ मिलिमीटर उलगडावा, केबल काटकोनात मोडू नये, आणि विजेच्या वायरीला खेटून नेऊ नये.

त्या दुकानात आता प्रत्येक टोकाला चिठ्ठी आहे. केरसुणी पेटीपाशी आली की मुलगा आधी आकडा वाचतो.