लोणारचे पाणी आणि आज्ञावलीचे सुटे भाग

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारच्या विवरातले पाणी खारे आणि अल्कधर्मी आहे, हे आपण विद्यार्थ्यांना सांगतोच. जून २०२० मध्ये हे पाणी गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले, तेव्हा क्षारता वाढल्याने मीठप्रिय सूक्ष्मजीव वाढले व त्यांच्यामुळे रंग बदलला, असे दिसून आले.

समजा, वरच्या वर्गातील मुलांनी अशा पाण्यावर लक्ष ठेवणारी आज्ञावली लिहायला घेतली. मापकाकडून क्षारतेचा आकडा घ्यायचा, ठरवलेल्या मर्यादेशी ताडायचा आणि तो मर्यादेपेक्षा जास्त असेल तर इशारा द्यायचा. बहुतेक जण इशाऱ्याच्या भागातच मापकाची जोडणी करून टाकतात. आम्हीही सुरुवातीला तसेच करीत असू. अडचण येते ती नंतर. इशारा वेळेवर मिळेल की नाही, हे तपासायचे कसे? सरोवर आणखी खारट होईपर्यंत थांबायचे?

घरातला दिवा आपण वायरीला डाख देऊन जोडत नाही, होल्डर ठेवतो. इशाऱ्याच्या भागातही मापक पक्का न जोडता त्याच्यासाठी जागा तेवढी ठेवावी आणि मापक बाहेरून द्यावा. ‘डिपेंडन्सी इंजेक्शन’ म्हणतात ते एवढेच. मार्टिन फाउलर यांच्या जानेवारी २००४ मधील लेखामुळे हे नाव रूढ झाले.

दोन खुंट्यांच्या होल्डरमध्ये आट्यांचा दिवा बसत नाही. जावा, सी शार्प, टाइपस्क्रिप्ट अशा भाषांत प्रत्येक वस्तूचा प्रकार सांगता येतो, आणि हे प्रकार होल्डरचेच काम करतात. ‘मापक म्हणजे जो विचारल्यावर संख्या देतो तो’ असा करार लिहून ठेवला, की शब्द देणारा मापक आज्ञावली चालण्यापूर्वीच नाकारला जातो. मात्र येथे एक खोच आहे. एक मापक लिटरला ग्रॅम सांगतो, दुसरा मिलिग्रॅम. दोन्ही संख्याच; होल्डरची हरकत नाही, आणि उत्तर हजारपटीने चुकते! म्हणून नुसती ‘संख्या’ न म्हणता एककासह ‘क्षारता’ असा वेगळा प्रकार करणे बरे.

सुटे भाग शेकड्यांनी वाढले की ते जुळवून देणारी तयार साधने वापरतात. जावासाठी ‘स्प्रिंग’ हे त्यांपैकी एक. कराराच्या प्रकारावरूनच ते योग्य भाग शोधते. टाइपस्क्रिप्टमध्ये हे जमत नाही. तिचे रूपांतर जावास्क्रिप्टमध्ये होताना ‘इंटरफेस’ म्हणून लिहिलेला करार पुसला जातो, आणि चालत्या आज्ञावलीत शोधायला नावच उरत नाही. त्यामुळे ‘अँग्युलर’सारख्या साधनात अशा कराराला वेगळी खूणचिठ्ठी द्यावी लागते. शाळेतल्या चार-पाच भागांच्या प्रकल्पाला असे काही लागत नाही. सर्व भाग सुरुवातीच्या एकाच जागी हाताने जोडावेत. कोण कोणावर अवलंबून आहे, हे मुलांना एका पानावर दिसते.

आता चाचणी. खऱ्या मापकाच्या जागी हाती लिहिलेले आकडे देणारा खोटा मापक बसवावा. मर्यादेच्या खालचा आकडा, वरचा आकडा आणि नेमका मर्यादेइतका, असे तीन पुरेत. चूक बहुधा तिसऱ्यावर सापडते: ‘पेक्षा जास्त’च्या जागी कोणीतरी ‘जास्त किंवा तेवढेच’ लिहिलेले असते.