जुनाट दुखणे, दोन बाण आणि इगतपुरी

कसारा घाट चढून गाडी इगतपुरीला थांबते. धम्मगिरीकडे निघालेल्या साधकांत कुणाची कंबर धरलेली असते, कुणाची मान, कुणाला वर्षानुवर्षांची अर्धशिशी. अनेकांच्या मनात एकच आशा असते, की दहा दिवस बसलो की दुखणे जाईल. काही जण तर त्या भरवशावर गोळ्या घरीच ठेवून येतात. ही आशा समजण्यासारखी आहे. पण दुखण्याच्या बाबतीत धम्म काय देतो आणि काय देत नाही, हे आधी समजून घेतले पाहिजे.

गुरूंनी परत पाठवलेला रुग्ण

धम्मगिरी ज्यांच्यामुळे उभी राहिली, ते आचार्य सत्यनारायण गोयंका स्वतः असेच रुग्ण होते. 1924 साली ब्रह्मदेशातील मंडाले येथे जन्मलेल्या या व्यापाऱ्याला अर्धशिशीचा इतका त्रास होता, की मॉर्फिनची इंजेक्शने घ्यावी लागत. त्या औषधाचे व्यसन जडण्याची भीती होती. युरोप, अमेरिका, जपान येथील डॉक्टर झाले, उपाय सापडला नाही. 1955 साली ते रंगूनला सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. ऊ बा खिन हे ब्रह्मदेश सरकारचे महालेखापाल आणि विपश्यनेचे आचार्य. त्यांनी नकार दिला. फक्त डोकेदुखी घालवायला येत असाल तर येऊ नका, ही विद्या मन निर्मळ करण्यासाठी आहे, शरीराला आराम मिळाला तर तो ओघाने मिळेल, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. गोयंका गुरुजींनी हेतू बदलला आणि मगच ते शिबिरात बसले. पुढे त्यांची अर्धशिशी गेली. 1969 साली ते भारतात आले आणि 1976 पासून इगतपुरीत शिबिरे सुरू झाली.

ही गोष्ट सांगताना आपण शेवट तेवढा लक्षात ठेवतो, सुरुवातीचा नकार विसरतो.

दुखणे जुने होते म्हणजे काय?

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेल्या दुखण्याला डॉक्टर जुनाट दुखणे म्हणतात. संधिवातासारख्या आजारात मूळ कारण चालूच असते. पण कित्येकदा जखम भरते, तरी मज्जासंस्था धोक्याची घंटा वाजवतच राहते. साध्या हालचालीनेही कळ येते. कळ येईल या भीतीने माणूस हालचाल टाळतो, स्नायू दुबळे होतात, झोप मोडते, कामावर खाडे पडतात, पगार कापला जातो, आणि या सगळ्या काळजीने दुखणे आणखी वाढते. म्हणून एमआरआयमध्ये काही दिसले नाही तरी दुखणे खोटे ठरत नाही. ‘हे तुझ्या मनाचे खेळ आहेत’ हे वाक्य दुखणाऱ्या माणसावर अन्याय करते.

1977 साली अमेरिकी डॉक्टर जॉर्ज एंगल यांनी मांडले, की आजार शरीर, मन आणि समाज या तिन्हींच्या अंगाने पाहिला पाहिजे. वेदनेवरचे आजचे उपचार याच विचारावर उभे आहेत.

तथागतांचे उत्तर पाहा. संयुत्त निकायातील वेदना संयुत्तात मोळियसीवक नावाचा परिव्राजक त्यांना विचारतो, की सगळे सुखदुःख पूर्वकर्मामुळेच होते, हे खरे का? तथागत हे मान्य करीत नाहीत. वेदना पित्ताने, कफाने, वाताने, या तिन्हींच्या बिघाडाने, ऋतुबदलाने, शरीराच्या हेळसांडीने, बाहेरच्या आघाताने आणि कर्माच्या परिणामानेही होतात, अशी आठ कारणे ते देतात. बाबासाहेबांनीही ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात मागच्या जन्माच्या कर्माचा सिद्धांत नाकारला आहे. म्हणून पंधरा वर्षे ओझी वाहून कंबर गेलेल्या आईला ‘मागच्या जन्मीचे भोग’ म्हणणे धम्माला धरून नाही.

ध्यान कुठे उपयोगी पडते?

सल्ल सुत्तात तथागत दोन बाणांचा दृष्टांत देतात. पहिला बाण शरीराला लागतो. त्यावर माणूस शोक करतो, चिडतो, घाबरतो, तो दुसरा बाण. ध्यानाचे काम मुख्यतः या दुसऱ्या बाणावर आहे. धम्मगिरीत पहिले तीन दिवस आनापान, म्हणजे श्वासाकडे लक्ष, आणि चौथ्या दिवसापासून विपश्यना असते. ‘माझी कंबर गेली’ असे न म्हणता साधक तिथली उष्णता, ताण, ठणका, त्यांचे येणे-जाणे पाहत राहतो. दुखणे असते, पण त्याची दहशत कमी होऊ लागते.

1979 साली जॉन काबाट-झिन यांनी मॅसेच्युसेट्समधील रुग्णालयात अशाच सजगतेवर आठ आठवड्यांचा कार्यक्रम सुरू केला. या पद्धतीची 2016 साली अमेरिकेत जुनाट कंबरदुखीच्या 342 रुग्णांवर झालेल्या अभ्यासात तपासणी झाली. सहा महिन्यांनी, सजगता शिकलेल्यांपैकी सुमारे 61 टक्क्यांची रोजची हालचाल चांगली सुधारली होती. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण 44 टक्के होते. फायदा खरा आहे, पण तो सर्वांना झाला नाही, हेही तितकेच खरे.

सोसणे ही परीक्षा नाही

दीघ निकायातील संगीति सुत्तात पाठ दुखू लागल्यावर तथागत सारिपुत्तांना धम्म सांगायला सांगतात आणि स्वतः चीवर अंथरून आडवे होतात. त्यांनी जीवक वैद्यांचे औषधही घेतले. बाबासाहेबांना मधुमेह आणि पायांचे दुखणे होते. डॉक्टर असलेल्या माईसाहेबांची देखभाल आणि उपचार चालू असतानाच त्यांनी धम्मग्रंथ पूर्ण केला.

तेव्हा शिबिराला जाताना अर्जात आजार आणि औषधे स्पष्ट लिहा. डॉक्टरांनी सांगितलेले औषध स्वतःच्या मनाने बंद करू नका. खाली बसवत नसेल तर खुर्ची मागा. विपश्यना वैद्यकीय उपचारांना पर्याय नाही, हे केंद्रेही सांगतात.

घरी काय करावे? ताप, वजन घटणे, पायातील शक्ती जाणे, लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, असे काही दिसले तर वाट न पाहता रुग्णालय गाठा. एरवी दीर्घ अंथरुण टाळा आणि थोडे थोडे चालणे वाढवा. फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिका, झोपेची वेळ सांभाळा. मेडिकलमधून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या महिनोन्महिने स्वतःहून खाऊ नका, पोट आणि मूत्रपिंडे बिघडतात. मात्र ज्याची रोजी हमालीवर, झाडूवर किंवा चार घरच्या धुण्याभांड्यांवर आहे, त्याला नुसते ‘आराम करा’ सांगून भागत नाही. तिथे घरच्यांनी कामे वाटून घ्यावी लागतात आणि मालकाशी हलक्या कामासाठी बोलावे लागते.

इथे विहाराचेही काम आहे. विनयात एक प्रसंग आहे. अतिसाराने स्वतःच्याच घाणीत पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदांसोबत स्वतः धुतले, आणि ज्याला माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची करावी, असे भिक्खूंना सांगितले. आपल्या विहारात रविवारी वंदनेला गुडघेदुखीमुळे न येणारे किती जण आहेत? त्यांच्यासाठी चार खुर्च्या ठेवा. सिव्हिल हॉस्पिटलच्या रांगेत त्यांच्यासोबत कुणी तरी उभे राहा. पहिला बाण डॉक्टर काढू पाहतील, दुसऱ्यावर साधक स्वतः काम करील. दुखणारा माणूस एकटा पडू नये, हे मात्र आपल्या हातात आहे.